माजी सैनिकांचा विसराळूपणा मशीन लर्निंगने लवकर ओळखता येईल का? (देवळाली-नाशिकरोडकरांनी जरूर वाचा)

गोदाकाठचा_कोडर

नमस्कार मंडळी. डेटाचं काम करतो, राहायला नाशिकरोड. आमच्या भागातल्या निवृत्त फौजी मंडळींनी एक काम गळ्यात घातलंय. म्हणाले, "तुमचं ते एआय एवढं काय काय करतं, तर आमच्यातल्या कुणाला डिमेन्शिया लागतोय का हे आधी सांगणारं ॲप करून द्या. मोबाइलवर दोन मिनिटं बोलायचं, हिरवा नाहीतर लाल दिवा लागायचा, विषय संपला." होकार देण्याआधी थोडं वाचलं. वाचून जे डोक्यात घोळतंय ते इथे टाकतोय, बिनधास्त चिरफाड करा.

साठीपुढच्या भारतीयांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. लासी-डॅड या देशभरच्या पाहणीवरून २०२३ मध्ये हा अंदाज निघाला. माजी सैनिकांचं वेगळं काय, तर त्यावर बहुतेक काम अमेरिकेत झालंय. तिथे २०१० च्या एका अभ्यासात ५५ वर्षांपुढच्या १.८१ लाख माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना पीटीएसडी, म्हणजे भयंकर आघातानंतर मनावर राहणारा ताण, होता त्यांना डिमेन्शियाचा धोका जवळपास दुप्पट निघाला. २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासात डोक्याला मार लागलेले सैनिक घेतले. शुद्धही हरपली नाही इतका किरकोळ मार लागलेल्यांमध्येसुद्धा धोका दुपटीच्या वर होता.

तिथे हे जमतं याचं मुख्य कारण हुशार अल्गोरिदम हे नाही. तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत वर्षानुवर्षांच्या नोंदी एकाच संगणकीय व्यवस्थेत आहेत. कोणती गोळी कधी सुरू झाली, किती अपॉइंटमेंट चुकल्या, डॉक्टरने काय खरडलं, सगळं एका ठिकाणी. 'मुलगी सोबत आली, औषधं तीच देते' असं वाक्य कुठल्याच तपासणीच्या रकान्यात बसत नाही, पण मजकूर वाचणाऱ्या मॉडेलला ते कामाचं असतं. निदान न झालेले संभाव्य रुग्ण अशा नोंदींतून हुडकण्याचा प्रयत्न तिथे झालाय, २०१९ मध्ये तो छापूनही आलाय.

आपल्याकडे? नोकरीतली मेडिकल कागदपत्रं एकीकडे. निवृत्तीनंतरची ईसीएचएसची (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची) फाइल दुसरीकडे, आणि ती योजनाच मुळी २००३ च्या एप्रिलची. मधल्या काळात गल्लीतल्या डॉक्टरने दिलेल्या चिठ्ठ्या तिसरीकडे, बहुधा पिशवीत. जवान चाळिशीच्या आतबाहेर सुटतो आणि पुढची वीस वर्षं बँकेत गनमन किंवा सातपूर-अंबडच्या कंपनीत सिक्युरिटीला काढतो. त्या वीस वर्षांची नोंद कुणाकडेच नाही. त्यामुळे नोंदींवर चालणारं मॉडेल इथे आज तरी बाद.

राहिला आवाज. मंडळींना हवं तेही तेच. यात माणसाला एक चित्र दाखवतात आणि काय दिसतंय ते सांगायला लावतात. जगभर वापरलं जाणारं चित्र स्वयंपाकघराचं आहे: बाई भांडी पुसतेय, सिंक भरून वाहतंय, मागे पोरगा स्टुलावर चढून बिस्किटं चोरतोय. माणूस कुठे अडतो, किती वेळ थांबतो, नावाऐवजी 'ते', 'हे' किती वापरतो, वाहणारं पाणी त्याच्या लक्षात येतं का, यावरून मॉडेल शिकतं. २०२० मध्ये यावर एक खुली स्पर्धा झाली, चांगल्या चमूंची अचूकता ८५ टक्क्यांच्या पुढे गेली. ऐकायला झकास वाटतं. पण त्या स्पर्धेत माणसं होती एकूण १५६, सगळी इंग्रजी बोलणारी, आणि मूळ ध्वनिमुद्रणं १९८० च्या दशकातली.

आता आमच्या सुभेदार साहेबांना बोलतं करा. निम्मं मराठी, पाव हिंदी, पाव पलटणीतलं इंग्रजी. "अरे तो हा, काय त्याचं, क्वार्टर गार्डच्या बाजूला..." असं तर ते तिशीतही बोलत असतील. इंग्रजीवर शिकलेलं मॉडेल याला शब्द न आठवणं समजणार. मी स्वतः दिवसातून शंभरदा 'ते हे' म्हणतो, माझाही लाल दिवा लागेल.

तेव्हा प्रश्न असा: ॲप बाजूला ठेवू. देवळाली-नाशिकरोड-भगूर पट्ट्यात, जिथे घराआड घर फौजी आहे, तिथे यातलं नेमकं काय करण्यासारखं आहे?

वाचनवेडा_सिन्नर

वाचतोय. चांगला धागा.

तोफखाना_पेन्शनर

कोडर, तू लिहिलंस ते ठीक, पण मूळ मुद्दा राहिला. कान.

मी तोफखान्यातला. आधी १३० मिमीवर, मग बोफोर्सवर. देवळालीच्या रेंजवर सरावाला तोफ सुटली की छातीत धक्का बसतो, नुसता आवाज नसतो तो. कानात कापूस घालायचो, तोही असला तर. कारगिलला १९९९ मध्ये तोफखान्याने अडीच लाखांच्या वर गोळे डागले, ते डागणारी पोरं आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यातल्या निम्म्यांच्या घरी टीव्ही शेजाऱ्यांना ऐकू जातो.

बहिऱ्या माणसाचं काय होतं सांगतो. दवाखान्यात नंबर पुकारतात, ऐकू येत नाही, तो बसून राहतो. मग विचारतात, "बाबा, विसरलात का?" समोरच्याचं अर्धंच कळतं, म्हणून भलतंच उत्तर देतो. दोनदा तसं झालं की बोलणंच सोडतो आणि कोपऱ्यात बसतो. घरचे म्हणतात भ्रमिष्ट झाला. हे मी आमच्या दोन-तीन जणांत बघितलंय. एकाला मशीन बसवलं कानाला, आठ दिवसांत पत्त्याच्या डावात भांडायला लागला.

दुसरं. लाल दिव्याची भीती तुला कळणार नाही. आमचे कितीतरी जण अजून बंदूक घेऊन कॅशव्हॅनवर ड्युटी करतात. लायसन्स त्यांच्या नावावर, घर त्यावर चालतं. लाल दिवा लागला ही बातमी कॅन्टीनच्या लाइनीत पोचायला किती वेळ लागतो? मग ड्युटी गेली. घरात वाटणीचा वाद असेल तर पोरं तोच कागद घेऊन वकिलाकडे. तेव्हा तुझ्या ॲपचा निकाल कुणाला दिसणार, ते आधी लिहून दे.

काढा_आणि_गोळ्या

पेशाने डॉक्टर आहे, म्हातारी माणसं रोज बघतो. तोफखाना काकांच्या पहिल्या मुद्द्याला दहापैकी दहा.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता किंवा लांबवता येण्याजोगी चौदा कारणं मांडली. ती सगळी आवरली तर ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा पुढे ढकलला जाईल असा त्यांचा हिशोब आहे. त्यात मध्यमवयातला बहिरेपणा आणि वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल या दोघांचा वाटा सर्वांत मोठा, प्रत्येकी ७ टक्के. म्हणजे कान अधू असणं हा डिमेन्शियाचा बुरखाही असू शकतो आणि कारणही. श्रवणयंत्राने फायदा होतो का, यावर अमेरिकेतली अचीव्ह नावाची चाचणी २०२३ मध्ये आली. सगळ्यांची सरासरी काढली तर फरक दिसला नाही. पण ज्यांना मुळातच धोका जास्त होता त्या गटात तीन वर्षांत बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. आपले तोफवाले कुठल्या गटात मोडतात हे सांगायला मॉडेल कशाला पाहिजे?

निवृत्तीच्या मेडिकल बोर्डात कुजबूज ऐकू येते का हे बघतात. तोफेच्या आवाजाने होणारा बहिरेपणा मात्र ४००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो. 'स', 'श', 'फ' निसटतात, पण समोर बसून सावकाश बोललं तर माणूस ठणठणीत वाटतो. ऑडिओमेट्री केल्याशिवाय पत्ता लागत नाही.

धमाक्याचा मेंदूवर वेगळा परिणाम होतो तो आणखी निराळा. स्फोटाच्या लाटेत सापडलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मेंदूत एका विशिष्ट प्रकारचे व्रण आढळल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. साध्या एमआरआयवर ते दिसत नाहीत.

आणि लाल दिवा लागलेल्या माणसाला माझ्याकडे पाठवाल तेव्हा मी आधी काय बघणार? बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम. चार महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडले होते का, कारण म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात हळूहळू रक्त साठून नेमकं असंच चित्र दिसतं आणि ते ऑपरेशनने बरं होतं. झोपेच्या, लघवीच्या, जुन्या नैराश्याच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत. घोरतात का. बायको जाऊन किती दिवस झाले. आणि हो, कॅन्टीनचा दारूचा कोटा महिन्यात किती संपतो. काका, रागावू नका.

तोफखाना_पेन्शनर

रागावत नाही. कोटा पावणेपोरं संपवतात.

सूनबाई_जेलरोड

मी वाचक आहे, लिहीत नाही सहसा. पण हा विषय घरचा आहे.

माझे सासरे हवालदार म्हणून रिटायर झाले. सकाळी पाचला उठणं, दाढी, चादरीची घडी, बूट चकचकीत, सहाला फेरी. कुणी म्हणेल का या माणसाला काही झालंय? आम्हीही म्हणालो नाही. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात होत्या तेव्हा उघड झालं, कारण दिवसाची शिस्त त्यांच्या अंगात होती पण बाकी सगळं सासूबाईंच्या डोक्यावर चालत होतं. गॅस सिलिंडरचा नंबर लावणं, औषधांची डबी भरणं, बँकेचा मेसेज आला की काय करायचं ते सांगणं. त्या आठवड्यात त्यांनी बीपीची गोळी सकाळी तीनदा घेतली, आणि संध्याकाळी सहाला परत बूट घालून फेरीला तयार. मी म्हटलं बाबा, संध्याकाळ आहे. म्हणाले, "मग बिगुल का वाजला नाही?" आणि मग स्वतःच हसले, जणू गंमत केली. ते हसणं बघून आम्हाला पुढचे सहा महिने वाटलं की गंमतच होती.

नेलं एका मोठ्या दवाखान्यात. "वय झालं, होतं असं", एवढं सांगून टॉनिक दिलं. निदान व्हायला पुढे बराच काळ गेला.

तुम्हा लोकांना विचारायचंय ते असं. तुमचं मशीन आधी सांगेल, मान्य. सांगितल्यावर माझ्या दारात कोण येणार? मला त्या वेळी हवं होतं ते दोन तास त्यांच्याजवळ बसणारं कुणीतरी, म्हणजे मी बँकेत जाऊन येईन. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मला शेजारच्या शाळेतल्या मुलीने सांगितला. रात्री फोन केला, निदान बोलता तरी आलं.

आकडेमोडे

सूनबाई, तुमचा अनुभव वाचून थांबलो होतो. पण आकड्यांचं कुणीतरी बोलायला हवं, नाहीतर लाल दिवेवाले परत येतील.

समजा ॲप अगदी छान आहे. आजारी माणसांपैकी ८५ टक्के पकडतं आणि निरोगी माणसांपैकी ८५ टक्क्यांना बरोबर सोडतं. साठीपुढचे १००० जण तपासले. ७.४ टक्क्यांप्रमाणे आजारी ७४, त्यातले ६३ सापडले, ११ निसटले. निरोगी ९२६, त्यातल्या १३९ जणांना उगाच लाल दिवा. एकूण लाल २०२, त्यात खरे ६३. म्हणजे लाल दिवा लागलेल्या दर तीन माणसांत दोघांना काहीच झालेलं नाही, आणि त्या दोघांची झोप उडालीय, एखाद्याची कॅशव्हॅनची ड्युटीही गेलीय. अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञगटाने २०२० मध्ये सांगितलं ते हेच: लक्षणं नसलेल्या सगळ्या वृद्धांची सरसकट अशी चाळणी करा म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

हेच ॲप फक्त अशा लोकांवर लावा ज्यांच्या घरच्यांनाच शंका आलीय. तिथे समजा १००० मध्ये ३०० आजारी आहेत. लाल दिवे ३६०, खरे २५५. दहात सात बरोबर. मॉडेल तेच, फक्त कुणावर लावलं ते बदललं.

अजून एक खोड. नोंदींवर शिकणाऱ्या मॉडेलांची अचूकता छापून येते तेव्हा मी आधी बघतो की निदानाच्या किती आधीपर्यंतचा डेटा वापरलाय. आदल्या महिन्यापर्यंतचा असेल तर मॉडेल काय शिकतं? डॉक्टरने एमआरआय सांगितला, डोनेपेझिल (डिमेन्शियाचंच औषध) सुरू केलं, म्हणजे डिमेन्शिया. धन्य. निदानाआधीची दोन-तीन वर्षं कापून टाका आणि मग सांगा किती ओळखलं. गुण धडाधड घसरतात.

मिसळ_चुलीवरची

एवढं सगळं करण्यापेक्षा व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना दोन मिनिटांचा ऑडिओ पाठवायला सांगा की. आमच्या ग्रुपवर तर न सांगता पाठवतात. हजार क्लिप आठवड्यात गोळा.

आकडेमोडे

अजिबात नको. आवाज म्हणजे माणसाची ओळख, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष आजाराचा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं सोडा, ज्याला निर्णय घेणं जड जातंय त्याची संमती कशी घ्यायची हाच मोठा प्रश्न आहे. त्यात बोलता बोलता कुणी पलटण, पोस्टिंग, सगळं सांगून मोकळा होईल.

तोफखाना_पेन्शनर

बरोबर. ग्रुपवर नाही म्हणजे नाही.

गोदाकाठचा_कोडर

सगळ्यांचे आभार. वाचून आराखडा असा बसतोय, बघा पटतो का.

कान सगळ्यात आधी. बहुतेक पेन्शनर नोव्हेंबरात जीवन प्रमाणपत्रासाठी बाहेर पडतातच. त्याच दिवसांत ऑडिओमेट्री, रक्ताच्या दोन-चार तपासण्या आणि घरच्या एका माणसाशी वेगळं बोलणं. यात एआयचा अंशही नाही आणि मला वाटतं अर्ध्याहून जास्त फायदा इथेच आहे.

ज्यांच्या घरच्यांना शंका आहे आणि ज्यांची स्वतःची तयारी आहे, त्यांचाच आवाज घ्यायचा, समोर बसून, ऐकू येत नसेल तर यंत्र लावून. आणि तुलना दुसऱ्या कुणाशी नाही. सुभेदार साहेबांची यंदाची दोन मिनिटं आणि पुढच्या वर्षीची दोन मिनिटं. मग त्यांच्या बोलण्यात हिंदी किती, 'ते हे' किती याने फरक पडत नाही, कारण ते दोन्हीकडे सारखंच असणार. बदललं काय तेवढंच मॉडेल बघेल. निकाल फक्त डॉक्टरकडे, दिवाबिवा नाही. त्यासाठी प्रचंड डेटा लागत नाही, धीर लागतो.

चित्राचं मात्र अडलंय. बिस्किटं चोरणारा पोरगा इथे नको. तोफेभोवती गोळा झालेली डिटॅचमेंट, म्हणजे तोफ चालवणारी तुकडी, दाखवावी असं मनात आहे, मंडळी भरभरून बोलतील.

काढा_आणि_गोळ्या

भरभरून बोलतील म्हणूनच नको. तीस वर्षं हाडात मुरलेली ड्रिल सगळ्यात शेवटी जाते. सूनबाईंच्या सासऱ्यांचे बूट आठवा. तोफेचं चित्र दाखवलंत तर मध्यम टप्प्यातला रुग्णही क्रमांक एकपासून सहापर्यंत प्रत्येकाचं काम बिनचूक सांगेल आणि तुमचं मॉडेल म्हणेल सगळं आलबेल. ओळखीचं पण पाठ नसलेलं चित्र हवं. बाजारपेठ चालेल: भाजीवाली सुटे पैसे मोजतेय, मागे गाय पिशवीत तोंड घालतेय, एकजण गाडी चुकीच्या ठिकाणी लावतोय. एका वेळी तीन-चार गोष्टी घडत असल्या पाहिजेत आणि त्यातली एक बिघडत असली पाहिजे.

दरवर्षी तेच चित्र वापरू नका, पाठ होतं. तीन-चार सारख्या अवघड चित्रांचा संच करा. मोठं छापा, मोतीबिंदूवाल्यांना मोबाइलच्या पडद्यावर गाय दिसणार नाही. आणि तोंडी चाचणी घ्याल तर कमी शिकलेल्यांसाठी बेतलेली घ्या. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी हिंदीत तशी एक पूर्वीच तयार झालीय. फौजी माणसाला हिंदी अडत नाही.

अजून एक, अपेक्षा आवरा. लवकर कळलं तर बरं होतं असं कुणाला सांगू नका. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब सुरुवातीच्या टप्प्यातल्या अल्झायमरची घसरण थोडी मंदावतं, गेलेलं परत आणत नाही. सुरुवातीला तरी दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यावं लागतं, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना यासाठी एमआरआय करत राहावे लागतात. लवकर कळण्याचा खरा उपयोग म्हणजे बीपी, कान, गोळ्या सुधारायला, आणि माणूस शुद्धीत असताना बँकेची, घराची कागदपत्रं त्याच्या मर्जीने लावायला.

सूनबाई_जेलरोड

कागदपत्रांचं अगदी बरोबर. आमचं तेच राहिलं.

एक विचारते. या सगळ्यात बायका कुठे आहेत? ईसीएचएसचं कार्ड सासूबाईंचंही आहे. कॉलनीत फॅमिली पेन्शनवरच्या कितीतरी काकू एकट्या राहतात. त्यांना शंका घेणारं घरचं माणूसच नाही, मग तुमच्या यादीत त्या येणार कशा?

आकडेमोडे

मोक्याचा प्रश्न. त्याच लासी-डॅडच्या पाहणीत पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त निघालंय. फक्त निवृत्त जवानांवर मॉडेल बेतलं तर घरातला जास्त धोक्याचा माणूसच बाहेर राहील.

गोदाकाठचा_कोडर

यादी सैनिकांची न करता कार्डांची करतो, म्हणजे काकू आपोआप येतील. एकट्या राहणाऱ्यांसाठी शेजारचं कुणीतरी 'घरचं माणूस' म्हणून बोलेल का, हे काकूंनाच विचारून ठरवू. सूनबाई, ही विचारणा तुम्ही कराल का? आम्ही गेलो तर चहा मिळेल, उत्तर मिळणार नाही.

सूनबाई_जेलरोड

करते. पण रविवारी दुपारी, सासरे झोपतात तेव्हा. आणि त्या वेळी घरी बसायला कुणीतरी पाठवा.

तोफखाना_पेन्शनर

मी येतो बसायला. हवालदार साहेबांची रेजिमेंट कोणती ते तेवढं व्यनि करा. चित्र काढणारा आमच्याकडे एक आहे, पूर्वी युनिटचे बोर्ड रंगवायचा. गाय चांगली काढतो, भाजीवालीचं सांगता येत नाही.